हँडलला बसेल अशी बॅटरी

यशवंतपूरच्या बाजारात नरसिंहरावांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं, आणि त्या दुकानात पुरुषोत्तम अथणीकर गिऱ्हाईक म्हणून नव्हे, संकट म्हणूनच ओळखला जाई. घ्यायची काय, तर साधी हातबॅटरी. लोक येतात, बटण दाबतात, लागली की पिशवीत टाकून चालू पडतात. पुरुषोत्तम आधी बॅटरीचं बूड फिरवून काढायचा, आट्यांवरून नख फिरवायचा, आतली स्प्रिंग दाबून बघायचा, काच उजेडाकडे धरायचा आणि एक डोळा मिटून निकाल द्यायचा, "काचेत बुडबुडा आहे."

"अथणीकर, स्वल्प सबूर करा की," नरसिंहराव म्हणायचे. त्यांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरातलं, मराठी घरापुरतं उरलेलं आणि तेही कानडीत मुरलेलं. "बॅटरी घ्यायला आलाय की सून बघायला?"

"सून एकवेळ चालवून घेतील अण्णा. बॅटरी नाही चालत."

माणसाचा स्वभाव असा उगाच होत नाही. पुरुषोत्तम जवळच्याच एका कारखान्यात सतरा वर्षं इन्स्पेक्शनला होता. पंपाचे बोटभर सुटे भाग त्याच्या टेबलावरून जात आणि तो त्यातले सदोष भाग बाजूला काढी. केसाएवढा ओरखडा त्याला दिसे. अथणीकरनं पास केलेला माल परत येत नाही, असं साहेब लोक बाहेरच्या पाहुण्यांना सांगत आणि ते ऐकून तो मान खाली घालून आणखी जोरात भाग पुसू लागे. त्याचं पोट हातावर नव्हतं, डोळ्यांवर होतं.

तेच डोळे सव्वा वर्षापासून रात्री दगा देत होते. अर्थात हे आपण म्हणायचं. पुरुषोत्तमचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या मते सगळा दोष दिव्यांचा होता.

दुसरी पाळी रात्री साडेदहाला सुटायची. घर जालहळ्ळीच्या अंगाला, एका नव्या वसाहतीत. तिथली शेवटची बस नवालाच जाई, म्हणून तो सायकलनं ये-जा करी. रस्त्यावर दिवे असून नसल्यासारखे. सायकलला आधी डायनमो होता. डायनमोची एक खोड असते. जोरात पाय मारले की तो जोरात उजेड देतो. पण खड्डा आला की माणूस हळू होतो, आणि माणूस हळू झाला की डायनमोही डोळे मिटतो. म्हणजे ऐन गरजेला पळ काढणाऱ्या नातेवाइकांतलाच तो. पुरुषोत्तमनं तो काढून टाकला आणि बॅटऱ्यांच्या मागे लागला. एक लांबलचक पितळी बॅटरी घेतली, ती वळताना गुडघ्याला लागे. एक लाल प्लॅस्टिकची घेतली, तिचा उजेड हँडलपुढे दोन हात जाऊन दमे. एकीला पुढे दिवा, बाजूला छोटी ट्यूब आणि मागे भोंगा होता. वसाहतीतल्या कुत्र्यांना ती फार आवडली. चौथीची तर गोष्टच नको. सगळ्या घरी कपाटावर ओळीनं पडून होत्या आणि प्रत्येकीत त्यानं काही ना काही खोट काढली होती.

एवढं करून तो तीनदा पडलाच. पहिल्यांदा टेलिफोनवाल्यांनी खणलेल्या चरात पडला. त्या चरात अर्धी वसाहत पडली होती, त्यामुळे त्यात लाज नव्हती. दुसऱ्यांदा खडीच्या ढिगावर चढला आणि घरी कुत्रं आडवं आल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा, गेल्याच आठवड्यात, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या हातगाडीवर आदळला. गाडीवाला भला माणूस होता. त्यानं पुरुषोत्तमला उठवलं, सायकलचं हँडल सरळ करून दिलं, आणि मग अगदी सहज विचारलं, "कण्णु काणल्वा, स्वामी?" म्हणजे, डोळ्यांना दिसत नाही का? कोपर खरचटल्याचं दुखणं दोन दिवसांत गेलं. ते वाक्य गेलं नाही.

दिवसपाळी मागून घेतली असती तर प्रश्न मिटला असता, असं कुणालाही वाटेल. पण पाळी बदलायला कारण द्यावं लागतं, कारण दिलं की कंपनीचा डॉक्टर बोलावतो, आणि इन्स्पेक्शनच्या माणसानं डॉक्टरपुढे 'डोळे' हा शब्द उच्चारला की त्याचं टेबल दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं होतं. कुंदापूरचा एक तपासनीस असाच गोदामात खोकी मोजायला गेलेला त्यानं पाहिला होता, आणि तिथून वर्षभरात घरी. म्हणून पुरुषोत्तमला एकच गोष्ट हवी होती: हँडलला बसेल अशी, लहान आणि लख्ख उजेडाची बॅटरी. ती मिळाली की सगळं ठीक होणार होतं.

त्या शनिवारी नरसिंहरावांनी काउंटरवर अकरा बॅटऱ्या मांडल्या. तासाभरात नऊ बाद झाल्या. उरल्या दोन. एक चकचकीत स्टीलची, दोन पेन्सिल सेलवर चालणारी, तोंड फिरवलं की झोत लांब-आखूड होणारी. दुसरी काळी, ॲल्युमिनियमची, कुठून तरी बाहेरदेशातून आलेली, तळहातात मावेल एवढीशी. पुरुषोत्तमनं दोन्ही काउंटरखाली धरून लावल्या, गल्ल्यामागच्या कोपऱ्यात लावल्या, शेवटी खोक्यात तोंड घालून लावल्या.

"दुकानात काय कळणार अण्णा? इथं उजेडच आहे."

"मग दोन्ही घेऊन जा," नरसिंहराव हात जोडून म्हणाले. "रात्री बघा, सोमवारी एक परत आणा. सरी? चालेल ना? पण खोक्यातनं तोंड काढा आता. गिऱ्हाइकं बघायला लागलीत."

घरी श्यामला भाकऱ्या करत होती. त्यानं पिशवीतून एकाऐवजी दोन बॅटऱ्या काढलेल्या पाहिल्या आणि तव्यावरची भाकरी तिनं जरा जोरातच उलटली.

"कपाट भरलं की. आता कुठं ठेवायच्या? माझ्या डोक्यावर?"

"या चांगल्या आहेत."

"मागची पण चांगली होती. त्याच्या मागची पण. नाचता येईना अंगण वाकडं, तसं चाललंय तुमचं. बॅटऱ्या बदलून काय होणार? डोळे दाखवा की एकदा."

श्यामला त्याच्या सख्ख्या मामाची, विश्वासरावांची मुलगी. अथणीकडं मामाची पोर म्हणजे पाळण्यातच ठरलेली बायको. दोघंही एकाच अंगणात, एकाच आजीच्या पदराखाली वाढलेली. त्यामुळे ती इतरांदेखत 'अहो' म्हणत असली तरी त्याचं भांडं तिला बुडापासून ठाऊक होतं. हातगाडीची गोष्ट त्यानं लपवली होती आणि ती तिला कोपरावरून कळली होती.

"डोळे चांगले आहेत," तो म्हणाला. "काल अर्ध्या केसाची चीर काढली मी. साहेबाला भिंगातून दिसेना, मला नुसती दिसली."

"दिवसा."

"ट्यूबलाइटमध्ये."

"तेच की. उजेडात. अंधाराचं बोला."

पुरुषोत्तमला त्याच्या कामातलीच युक्ती सुचली. कारखान्यात मोजायच्या हत्याराबद्दल शंका आली की भांडत बसत नाहीत. कपाटात मखमलीच्या पेटीत एक नमुना ठेवलेला असतो, त्याला मास्टर म्हणतात. तो निर्दोष असतो, हे धरूनच सगळा कारखाना चालतो. हत्यार त्याच्याशी जुळवून बघायचं. जुळलं तर हत्यार बरोबर आणि दोष मालात. नाही जुळलं तर दोष हत्यारात. सतरा वर्षांत या रीतीनं त्याला कधी फसवलं नव्हतं.

"आपल्या मुग्धाला घेऊ," तो म्हणाला. "अकरा वर्षांची पोर, डोळे कोरे करकरीत. एकाच बॅटरीनं मी बघतो, ती बघते. तिला माझ्यापेक्षा जास्त दिसलं तर दोष माझ्या डोळ्यांत. सोमवारी तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो. मग कंपनी काय करायचं ते करू दे."

"आणि सारखंच दिसलं तर?"

"तर दोष बॅटरीत. मग पुन्हा डोळ्यांचं नाव काढायचं नाही."

श्यामलानं हात पुसले आणि कबूल केलं. नवऱ्याला दवाखान्यात न्यायला ती सव्वा वर्ष झटत होती. हा डाव ती जिंकणार याबद्दल तिला शंका नव्हती. मुग्धा कोपऱ्यात कानडीची वही घेऊन बसली होती. खेळ आहे म्हटल्यावर तिनं वही मिटली.

रविवारी पुरुषोत्तमला सुट्टी असे आणि वसाहतीत संध्याकाळी साडेसातला हमखास वीज जाई. त्या दिवशीही गेली. घराशेजारी एक मोकळी साइट, म्हणजे रिकामा प्लॉट होता. मालक दुबईत, त्यामुळे तिथं चार दगड आणि गवत एवढंच पीक. ठरल्याप्रमाणे श्यामला एकटी तिथं गेली आणि तिनं सात भांडी वेगवेगळ्या जागी मांडून ठेवली. तांब्या, परात, कळशी, दोन पातेली, एक डबा आणि मुग्धाची दुधाची वाटी. तोवर बाप-लेक भिंतीकडे तोंड करून पायरीवर बसले होते. चांदण्यांचा उजेड होता, चंद्र नव्हता.

परीक्षा पुरुषोत्तमनं कारखान्याच्या शिस्तीत घेतली. एकानं बघून यायचं, दुसऱ्यानं पाठमोरं बसायचं, बोलायचं नाही, खडूनं पाटीवर आकडा लिहून पाटी पालथी घालायची. साइटच्या कडेनं सरळ जाऊन सरळ परत यायचं, मध्ये थांबायचं नाही. सायकलवर कोण थांबतं?

पहिली स्टीलची. तो निघाला. पुढे उजेडाचा एक गोल पडला होता आणि त्या गोलाबाहेर काहीच नव्हतं, डांबर ओतावं तसा काळोख. गोलात परात चमकली. मग बराच वेळ गवत. मग तांब्या. सातातली दोनच? परतताना डबा सापडला. तीन. घाम पुसत त्यानं पाटीवर तीन लिहिले. पोरीला सहा दिसणार, सातही दिसतील, आणि सोमवारी सगळं संपणार, असं त्याच्या मनानं घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की पोरीनं नापास व्हावं, आणि असं वाटल्याची त्याला लाजही वाटली.

मुग्धा गेली. ती सावकाश, पाय चाचपत चालत होती. दगडाला अडखळली, पण पडली नाही. येऊन तिनं आकडा लिहिला.

पुरुषोत्तमनं दोन्ही पाट्या उताण्या केल्या. तीन. तीन.

"बघितलंस?" तो श्यामलाकडे बघून ओरडला. "तीन आणि तीन! आता काळी."

श्यामलानं अंधारातच भांड्यांच्या जागा बदलल्या. काळ्या बॅटरीचा झोत जरा रुंद होता. त्याला चार दिसली. मुग्धाला पुन्हा तीन.

आता मात्र पुरुषोत्तमचा आनंद गगनात मावेना. त्यानं पोरीला उचलून घेतलं, अकरा वर्षांच्या घोडीला, आणि अंधारातच एक गिरकी घेतली. "पोरीपेक्षा मला एक जास्त! एक्केचाळीस वर्षांच्या म्हाताऱ्याला! ही स्टीलची परत. काळीसुद्धा काही खरी नाही, पण त्यातल्या त्यात... आणि आणखी चांगली मिळेल. मी म्हणत होतो ना? सव्वा वर्ष म्हणत होतो! लोक अशाच बॅटऱ्या घेतात आणि खड्ड्यात जातात!"

श्यामला हसली नाही. चिडलीही नाही. ती साइटकडे बघत उभी होती.

"काय झालं? हरलीस म्हणून राग आला काय?" तो बॅटरी तिच्यापुढे धरून म्हणाला. "तू बघ. घे, तूच बघून ये. तीनाच्या वर सापडली तर सांग."

तिनं बॅटरी घेतली नाही. तशीच पायरी उतरली आणि गवतात शिरली. पुरुषोत्तमला ती दोन पावलांत दिसेनाशी झाली. मग त्याला आवाज ऐकू आला. भांड्यावर भांडं ठेवल्याचा. चार पावलं, आणि पुन्हा तोच आवाज. कुठं थांबणं नाही, चाचपणं नाही, बांगड्यांची किणकिण संथपणे पुढे जात होती आणि मध्ये मध्ये भांडं वाजत होतं. तो मोजत होता. मोजणं त्याच्या हाडात होतं. पाच. सहा. मग दूर कोपऱ्यात, जिथं त्याला भिंत आहे हेही माहीत नव्हतं, तिथून सातवं.

ती परत आली ती सातही भांडी उराशी धरून. वर मुग्धाची वाटी होती.

"आई!" मुग्धा थक्क होऊन म्हणाली. "बॅटरी नसताना तुला कशी सापडली गं?"

श्यामलानं भांडी उराशी आणखी घट्ट धरली.

"सांग की. अंधारात तर कुणालाच दिसत नाही ना?"

पुरुषोत्तमचा पोरीभोवतीचा हात तसाच राहिला. कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. जागा श्यामलानंच ठरवल्या होत्या खऱ्या, पण भांडी मांडतानाही तिच्या हातात बॅटरी नव्हती. सतरा वर्षं तो हेच काम करत होता. हत्यार आणि मास्टर जुळले होते, आणि तरीही सात भांडी गवतात होती. याचा अर्थ एकच होता, आणि तो अर्थ त्यानं मनातल्या मनात वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याला वाटलं आपण इथंच, या पायरीवर मरून जावं. स्वतःचे डोळे गेले असते तर त्यानं खोकी मोजली असती. खोकीही दिसेनाशी झाली असती तर घरी बसला असता. पण पोरीचे डोळे त्यानं कधी मोजदादीत धरलेच नव्हते.

"आत जा बाळ," श्यामला म्हणाली. "देवाजवळ दिवा आहे, तिथं बस."

मुग्धा भिंतीला हात लावत लावत आत गेली. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. रोजच ती तशी जात असे.

"मला वाटायचं, अंधाराला भिते," श्यामला हळूच म्हणाली. "पोरं भितातच की. मी तिला रागवायची. भित्री भागूबाई म्हणायची."

"माझं आहे हे."

"एकट्याचं कुठलं? माझ्या बाबांचं नव्हतं? दिवे लागले की ते पाटावरनं उठायचे नाहीत. आपण सगळे म्हणायचो, विश्वासराव किती नेमाचे, संध्याकाळी घर सोडत नाहीत." तिनं भांडी खाली ठेवली आणि पदर तोंडावर घेतला. "आजीनं आपल्या दोघांना एका ताटात बसवलं. घरातलं घरात राहील, म्हणाली."

पुरुषोत्तमनं हात पुढे केला, तिचा खांदा कुठं आहे ते त्याला दिसत नव्हतं. तीच जवळ सरकली. वीज यायला अजून अर्धा तास होता. अटीप्रमाणे तो जिंकला होता, दवाखान्याचं नाव निघणार नव्हतं, आणि तरीही दोघांना ठाऊक होतं की आता जावंच लागणार. त्याला एकट्याला नाही, बाप-लेक दोघांना. तिथं डॉक्टर काही चांगलं सांगेल याचीही त्याला आशा नव्हती. ज्या मालात खोट आतूनच आलेली असते तो दुरुस्त होत नाही, बाजूला ठेवतात.

त्या रात्री मुग्धानं जेवताना विचारलं की पुन्हा कधी खेळायचं. श्यामलानं तिच्या ताटात आणखी भाजी वाढली.

सोमवारी दुपारी पाळीला जाण्याआधी पुरुषोत्तम नरसिंहरावांच्या दुकानात गेला. बाहेर ऊन रणरणत होतं. त्यानं दोन्ही बॅटऱ्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. नरसिंहरावांनी सवयीनं हात जोडले.

"सांगा स्वामी. कुठल्या कुठल्या खोटी निघाल्या?"

"एकीतही नाही," पुरुषोत्तम म्हणाला. "दोन्ही चांगल्या आहेत, अण्णा."

"अबब! अथणीकरांनी माल पास केला!" नरसिंहराव मोठ्यानं हसले आणि शेजारच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात तेच कानडीत पुन्हा म्हणाले. "मग, ठेवता कुठली?"

"दोन्ही ठेवतो," तो म्हणाला. "एक पोरीला लागेल."